मामाचं टोचन

नवरीला मुंडावळ्या बांधून झाल्या, वऱ्हाडाच्या जीपा पुढे निघून गेल्या, रुखवताची भांडी पिकअपच्या हौद्यात चढली आणि मग व्यंकटरावांनी मोठ्या रुबाबात चावी फिरवली. पिकअपने घुर्रर्र केलं आणि ती गप्प बसली. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा घुर्रर्र, पुन्हा गप्प.

"काय झालं वो?" शेजारी बसलेल्या द्वारकाबाईंनी विचारलं.

"काही न्हाई. सकाळची गाडी थंड असती. थंडीनं आखडली असल."

"मे महिन्यात?"

व्यंकटराव खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतल्या इंजिनाकडे बिनातिकिटाच्या प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं. उभा जन्म त्यांनी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढला होता. हिंगोली आगारातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना गाडीतलं सगळं कळत होतं, फक्त इंजिनातलं कळत नव्हतं. पण नजरेचा धाक दाखवला की प्रवासी तिकीट काढतो, हा त्यांचा अनुभव होता. इंजिनाने तो धाक मानला नाही.

ही पिकअप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सेकंडहँड घेतलेली, पण त्यांनी तिला पोटच्या लेकरासारखी जपली होती. पुढे लिंबू-मिरची, मागे रेडियमचा मोर, आरशाला गोंडे. मध्ये एकदा गावात गाडीचोर फिरत होते, तेव्हा सेनगावच्या मोहियोद्दीन मेकॅनिककडून त्यांनी सीटखाली एक चोर-बटनही बसवून घेतलं होतं. चोर गेले, व्यंकटराव ते बटन विसरले आणि पिकअप मात्र एकदाही कुठे अडली नाही. म्हणूनच भाड्याची कार सांगू या, असं द्वारकाबाई म्हणाल्या तेव्हा ते उसळले होते. "घरची गाडी दारात असताना माझी लेक भाड्याच्या गाडीत काहून जाईल?"

ती लेक, कोमल, आत्ता घरच्या गाडीत शालू सावरत बसली होती आणि घरची गाडी हलत नव्हती. लग्न पुसेगावला, नवऱ्या मुलाच्या दारात होतं. मुहूर्त दुपारचा. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या वऱ्हाड घेऊन गेल्या होत्या. मागे राहिलं होतं एकच वाहन, आणि ते कुणाचं आहे हे तिघांनाही माहीत असल्यामुळे तिघंही त्याचं नाव घेत नव्हते.

ते होतं सोनाजीचं ट्रॅक्टर. सोनाजी म्हणजे द्वारकाबाईंचा पाठचा भाऊ, कोमलचा सख्खा मामा. घर दोन गल्ल्या सोडून. पण तीन वर्षांपासून मेहुण्या-मेहुण्यांत अबोला होता, आणि त्याचं मूळ होतं टोचन.

बंद पडलेल्या गाडीला दोर लावून दुसऱ्या गाडीने ओढत नेणं, याला आपल्याकडे टोचन म्हणतात. हा शब्द कुठून आला देव जाणे. पण जो ओढला जातो त्याला ते टोचतं, एवढं खरं. तीन पावसाळ्यांमागे सोनाजीचं नवंकोरं ट्रॅक्टर नाल्याच्या चिखलात फसलं आणि व्यंकटरावांनी पिकअपचं टोचन लावून ते बाहेर काढलं. इथवर सगळं ठीक होतं. दुसरा कुणी मदत करून घरी गेला असता. व्यंकटराव घरी गेले नाहीत. ते पारावर गेले. "माझ्या पिकअपनं ट्रॅक्टर ओढलं," ही गोष्ट त्यांनी पारावर सांगितली, बारशात सांगितली, साखरपुड्यात सांगितली आणि शेवटी एका तेराव्याच्या पंगतीत सांगितली. वर जोडलं, "ट्रॅक्टर कशाचं, शेळीनं ओढलं असतं."

त्या पंगतीत सोनाजी वाढत होता. हातातली बुंदीची परात त्याने खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली. "ज्या दिवशी ह्यायच्या गाडीला मी टोचन लावीन, त्या दिवशी ह्यायच्या दारात पाय ठेवीन. तवर न्हाई." लोक हसले. पिकअप कधी बंद पडत नव्हती, त्यामुळे शपथ चांगली भक्कम बसली.

लग्न ठरलं तेव्हा द्वारकाबाई भावाच्या घरी पत्रिका घेऊन गेल्या. "भाचीचं लगन हाय, येतो. मागं बसून अक्षता टाकतो," सोनाजी म्हणाला. "पण दाजीच्या वतीनं नवरीला हाताला धरून मांडवात आणायला मला सांगू नको, अक्का."

आता मांडवात नवरीला मामानेच आणायचं असतं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी लाऊडस्पीकरवर पुकारा होतो आणि मामा भाचीला घेऊन येतो. व्यंकटरावांनी त्या कामासाठी द्वारकाबाईंचा एक लांबचा चुलतभाऊ पक्का केला होता. कोमलने त्याला आयुष्यात एकदा पाहिलं होतं. ज्या मामाच्या खांद्यावर बसून ती जत्रा पाहायला जायची, तो मामा मागच्या रांगेत बसणार आणि कुणी एक अनोळखी माणूस आपला हात धरणार, या विचाराने तिने आठ दिवस धड जेवण केलं नव्हतं. पण घरात बाबांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

"बाबा," कोमल आता हळूच म्हणाली, "मोहियोद्दीनकाकांना फोन लावू का? ते सांगतील काय करायचं."

"लाव."

कोमलने फोन लावला, कानाला धरला आणि जरा लांब जाऊन बोलली. मोहियोद्दीन स्वतः लग्नालाच निघाला होता, अर्ध्या वाटेत होता. कोमल "हो काका, हो काका" करत परत आली. "ते म्हणतात, गाडी अशी चालू व्हायची न्हाई. ते पुसेगावला आले की बघतात. तवर टोचन लावून आणा."

टोचन हा शब्द ऐकताच व्यंकटरावांनी बॉनेट धाडकन बंद केलं.

"मी चालत जाईन," ते म्हणाले.

"तुमी जा," द्वारकाबाई म्हणाल्या, "पण नवरीनं बी चालत जायचं का? आन् ही भांडी काय मी डोक्यावर घेऊ?"

पुढची काही मिनिटं व्यंकटराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. एका बाजूला मान होता, दुसऱ्या बाजूला मुहूर्त. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोणाला सांगायचं त्याला सांगा. मी काही बोलणार न्हाई."

सोनाजी लगेच आला. तो लग्नाला निघण्याच्या तयारीतच होता. अंगात पांढरे कपडे, डोक्याला फेटा, धुऊन पुसून लख्ख केलेल्या ट्रॅक्टरला झेंडूची माळ. पिकअपकडे पाहून त्याच्या मिशा थरथरल्या, पण तो हसला नाही. त्याने ट्रॅक्टरच्या सीटखाली हात घातला आणि एक जाडजूड दोर बाहेर काढला. दोर नवाकोरा होता. शपथ घेतली त्याच आठवड्यात तो त्याने सेनगावच्या बाजारातून आणून ठेवला होता आणि अजून त्याची गुंडाळी सोडली नव्हती.

"कोमल," व्यंकटराव म्हणाले, "तुझ्या मामाला म्हण, गाडी बंद पडली."

"मामा, बाबा म्हणतात—"

"ऐकलं. तुझ्या बापाला म्हण, दिसून राहिलं."

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं. नवरी मध्ये उभी राहून इकडची मान तिकडे करत होती आणि मुंडावळ्या गालावर आपटत होत्या.

कोमलने फोनवर मोहियोद्दीनला पुन्हा गाठलं आणि तो सांगेल तसं सांगू लागली. "काका म्हणतात, गाडी न्यूट्रलला टाका."

"मला म्हाईत हाय," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी गिअर सोडवला. स्वतः ते जन्मात कधी न्यूट्रल राहिले नव्हते, पण गाडीला त्यांनी तसं ठेवलं.

"चावी चालूच राहू द्या. काढली तर स्टेअरिंग लॉक होतं."

"हे बी म्हाईत हाय." त्यांनी खिशातून चावी काढली आणि गुपचूप परत लावली.

"हँडब्रेक खाली."

व्यंकटराव खाली वाकले आणि हँडब्रेक सोडला. या वेळी ते काही बोलले नाहीत.

"इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो म्हणतात. पाय पुरा जोर लावून दाबा. स्टेअरिंग बी जड जातं. दोर ढिला पडू देऊ नका, ढिला पडून एकदम ताणला की तुटतो. आन् मधोमध लाल फडकं बांधा, न्हाई तर एखादा फटफटीवाला मधून घुसल."

लाल फडकं घरात कुठे सापडेना, तेव्हा द्वारकाबाईंनी विहीणबाईंच्या आहेरातला लाल खण काढून दोराला बांधला. त्यावर जरीची बुट्टी होती. टोचनाला एकदम मानपानाची कळा आली.

"आन् शेवटचं," कोमल म्हणाली, "पुढच्याला इशारा कसा द्यायचा ते निघायच्या आधी ठरवून घ्या म्हणतात. हे लई महत्त्वाचं हाय म्हणतात."

"त्यात काय ठरवायचं? तुझ्या मामाला म्हण, मी हॉर्न देत जाईन."

"तुझ्या बापाला म्हण, मी ऐकत जाईन."

ठरलं, असं दोघांनाही वाटलं. पण व्यंकटराव एस.टी.चे. तिथे एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल. साऱ्या महाराष्ट्राच्या लेकराबाळांना हे माहीत आहे, मग सोनाजीला माहीत नसेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. सोनाजी ट्रॅक्टरचा. त्याच्या ट्रॉलीवर सोयाबीनची पोती भरणारे गडी पत्र्यावर थाप मारतात, एक थाप म्हणजे हाण पुढं, दोन थापा म्हणजे थांब. साऱ्या शिवाराला हे माहीत आहे, मग व्यंकटरावांना माहीत नसेल असं त्याच्याही मनात आलं नाही. बोलणं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता.

सगळे बसले. व्यंकटरावांनी ऐटीत दोन हॉर्न दिले. चल.

सोनाजी थांबला होताच, तो थांबूनच राहिला.

पुन्हा दोन. सोनाजीने मागे वळून पाहिलं आणि थांबलोय की, अशा अर्थाने हात हलवला.

"बघितलं?" व्यंकटराव द्वारकाबाईंना म्हणाले. "तुझा भाऊ मुद्दाम करून राहिला. मला विनवण्या करायला लावतो." आणि संतापाच्या भरात त्यांनी बटनावर हात दाबून एक लांबलचक हॉर्न दिला. त्याबरोबर ट्रॅक्टर निघालं. पिकअपला हिसका बसला, भांडी खणखणली, कोमलचं डोकं मागच्या काचेला लागलं.

"शिव्या दिल्यावर बरं कळतं," व्यंकटराव म्हणाले.

सेनगावपर्यंत प्रवास बरा झाला. वाटेत लोक पाहत होते. पुढे फेटेवाला, त्याच्यामागे दोर, दोरावर जरीचा खण, खणामागे मुंडावळ्या बांधलेली नवरी आणि तिच्या शेजारी स्टेअरिंगशी झटणारा घामाघूम बाप. एका म्हातारीने लांबूनच हात जोडले. देवीची मिरवणूक आहे, असा तिचा समज झाला असावा.

सेनगावात शिरताच व्यंकटरावांना उजव्या हाताला एक उघडं गॅरेज दिसलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. इथे गाडी दुरुस्त करून घेऊ, टोचन सोडू आणि स्वतःच्या इंजिनावर रुबाबात पुसेगावात शिरू. कुणाला काही कळणार नाही.

"अहो, गॅरेजात उशीर होईल," द्वारकाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"मुहूर्त चुकंल, बाबा," कोमल त्याहून घाईने म्हणाली.

"पाच मिनिटाचं काम हाय." व्यंकटरावांनी एक हॉर्न दिला. थांब.

सोनाजीने ऐकलं. घाई झाली वाटतं दाजींना, त्याने मनाशी म्हटलं आणि वेग वाढवला.

व्यंकटरावांनी पुन्हा एक हॉर्न दिला. ट्रॅक्टर आणखी जोरात निघालं. गॅरेज मागे पडलं. दुसरं गॅरेज आलं. व्यंकटरावांनी अक्षरशः हॉर्नवर मूठ आपटली. सोनाजीने सीटवर बूड सावरलं, फेटा घट्ट केला आणि बाजारातून ट्रॅक्टर असं काढलं, की भाजीवाल्यांनी टोपल्या मागे ओढल्या. पुढे स्पीडब्रेकर होता. त्यावरून ट्रॅक्टर गेलं, मग पिकअप गेली आणि पिकअपमधलं रुखवत काही क्षण स्वतंत्रपणे वर गेलं.

"हळू! सोन्याऽ, हळू!" द्वारकाबाई खिडकीतून ओरडल्या. ट्रॅक्टरच्या आवाजात ते सोनाजीला कुठून ऐकू जाणार?

"सूड घेऊन राहिला तो," व्यंकटराव दात खाऊन म्हणाले. "तीन वर्षांचा सूड. गावातून धिंड काढली माझी!"

आणि तिकडे सोनाजीला वाटत होतं, काय हा माणूस! टोचनात बसला तरी ऑर्डरी सोडायची खोड जात नाही. हाण म्हणतो, अजून हाण म्हणतो. हाणतो बाबा.

सेनगाव सुटलं, रस्ता मोकळा झाला आणि समोरून एस.टी. आली. ती चालवत होता भीमसिंग. व्यंकटरावांनी त्याच्या गाडीवर कित्येक वर्षं कंडक्टरकी केली होती. भीमसिंगने जुन्या सोबत्याला ओळखलं, मग दोर पाहिला, मग खण पाहिला. त्याने गाडी हळू करून खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "काय कंडक्टर! जराशीक आगे सरको!" असं त्यांचंच जुनं वाक्य ओरडून त्याने रामराम म्हणून दोन हॉर्न दिले.

पोंऽ पोंऽ.

माणूस निवृत्त होतो, सवय निवृत्त होत नाही. भीमसिंगच्या रामरामाला व्यंकटरावांचा हात आपोआप उत्तर देऊन गेला.

पोंऽ पोंऽ.

दोन हॉर्न ऐकताच सोनाजीने ट्रॅक्टर जागच्या जागी उभं केलं.

पिकअपला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती आपल्या तालात पुढे निघाली. व्यंकटरावांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो खरंच दगड झालेला होता. "आई गंऽ!" करून ते दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले. द्वारकाबाईंनी डोळे मिटले. कोमलने स्टेअरिंग सोडून सगळं धरलं. पिकअप ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला हलकेच टेकली आणि थांबली. हौद्यातून एक पितळी पातेलं उडालं, रस्त्यावर पडलं आणि पुसेगावच्या दिशेने एकटंच गडगडत निघालं.

व्यंकटराव खाली उतरले. सोनाजीही खाली उतरला.

"मधीच काहून थांबला रे?" व्यंकटराव गरजले. "माझ्या लेकीचा जीव गेला असता!"

"तुमीच थांब म्हणले, म्हणून थांबलो!"

"मी कधी थांब म्हणलं?"

"दोन हॉर्न दिले ना!"

"दोन म्हणजे चल!"

"कोण म्हणते?"

"महामंडळ म्हणते! उभं आयुष्य गेलं माझं. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल!"

"माझ्या ट्रॉलीवर महामंडळ चालत न्हाई, दाजी! एक म्हणजे हाण, दोन म्हणजे थांब. कोण्याबी गड्याला इचारा!"

"म्हणजे सेनगावात मी थांब थांब म्हणून राहिलो—"

"आन् मला वाटलं, तुमी हाण हाण म्हणून राहिले!"

"माझं टाळकं फिरवलं तू!"

"माझं ट्रॅक्टर तापवलं तुमी!"

कोमल कधीच खाली उतरून दोघांच्या मध्ये आली होती. या वेळी मात्र तिला इकडचं तिकडे सांगावं लागत नव्हतं. ती नुसती ऐकत होती.

"बाबा," ती म्हणाली. "मामा. तुमी बोलून राहिले."

सोनाजीने फेटा सारखा केला. व्यंकटराव घसा खाकरून रस्त्यापलीकडच्या शेताकडे पाहू लागले. मग सोनाजी हळूच म्हणाला, "कोमल, तुझ्या बापाला म्हण, उशीर होऊन राहिला."

"न्हाई म्हणणार," कोमल म्हणाली आणि तिचा आवाज एकदम फुटला. "सकाळपासून म्हणून राहिले. आता माझं ऐका. मला मांडवात मामानं न्यायचं हाय. माझ्या मामानं. तो चुलत का कोण हाय, त्याला मी वळखत बी न्हाई. तुमच्या एका हॉर्नापायी आन् दोन हॉर्नांपायी मी परक्याचा हात धरून जाऊ का?"

ती रडू लागली. काजळ गालावर आलं. दोन्ही पुरुष आपापल्या चपलांकडे पाहत राहिले. दोघांनाही तिचे डोळे पुसावेसे वाटत होते, पण आधी कुणी पुढे व्हायचं हा प्रश्न होता. शेवटी द्वारकाबाईंनी पदराने लेकीचं तोंड पुसलं, रस्त्यावरून पातेलं उचलून आणलं आणि त्या सरळ जाऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसल्या.

"आता हॉर्न कोणीबी वाजवायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "मी मागं बघते आन् याला सांगते. चला. न्हाई तर नवरदेव म्हातारा व्हायचा."

पुसेगाव येईपर्यंत मुहूर्त अगदी तोंडावर आला होता. मांडवात अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजी घड्याळ पाहत होते आणि व्याही रस्त्याकडे. तो चुलत मामा भूक लागली म्हणून जेवणाच्या मांडवात जाऊन बसला होता, त्याला लग्नाआधी वाढायला कुणी तयार नव्हतं. माईकवाल्याने वेळ भरून काढण्यासाठी पुकारा सुरू ठेवला होता. "मुलीच्या मामांना विनंती आहे, त्यांनी मुलीला घेऊन मांडवात यावं. मुलीचे मामा जिथं कुठं असतील तिथून त्यांनी मुलीला घेऊन यावं."

आणि त्याच वेळी ट्रॅक्टर मांडवाच्या कमानीतून आत शिरलं. त्याला झेंडूची माळ होती, मडगार्डवर नवरीची आई पातेलं घेऊन बसली होती आणि मागे जरीच्या खणाच्या दोराने पिकअप येत होती. सगळा मांडव उठून उभा राहिला. बँडवाल्यांना काही सुचेना, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

माईकवाला हजरजबाबी होता. "मामा आले!" तो ओरडला. "मामांनी मुलगी आणली! मंडळी, मामांनी मुलीचा बापबी आणला!"

मांडवात असा हशा पिकला, की भटजींनाही पोथी तोंडावर धरावी लागली. व्यंकटराव स्टेअरिंग धरून तसेच बसून राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. तीन वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या टोचनाची गोष्ट सांगितली होती, आता त्यांची गोष्ट तालुकाभर सांगितली जाणार होती.

खिडकीशी सोनाजी येऊन उभा राहिला. त्याने कोमलकडे पाहिलं नाही, सरळ व्यंकटरावांकडे पाहिलं. त्याला हसता आलं असतं. त्याची वेळ होती. पण तो हसला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "नेऊ का हिला मांडवात?"

व्यंकटरावांनी एकदा दोराकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"आता इचारतो?" ते म्हणाले. "घरापासून इथवर कोणी आणली मंग?"

सोनाजीने भाचीचा हात धरला. कोमल रडत होती की हसत होती ते मुंडावळ्यांमुळे कळत नव्हतं. मामा मात्र तिच्या खांद्यापाशी फेटा वाकवून नाक पुसत होता, एवढं सगळ्यांना दिसलं.

लग्न लागलं. पंगती उठल्या. चुलत मामाला पहिल्याच पंगतीत पोटभर वाढलं गेलं आणि त्याची काहीच तक्रार राहिली नाही. लेकीला निरोप देताना व्यंकटराव इतके रडले, की सोनाजीला त्यांना धरून बाजूला न्यावं लागलं. ऊन उतरल्यावर मोहियोद्दीन हात धुऊन पिकअपपाशी आला.

"चला साहेब, बघू या काय झालं ते." त्याने बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला, कट्ट आवाज झाला. चावी फिरवली आणि पिकअप पहिल्या झटक्यात सुरू झाली.

व्यंकटराव पाहत राहिले. "काय केलं तू?"

"कुछ नहीं. चोर-बटन बंद था. ते बंद असलं की इंजिनला डिझेलच जात न्हाई. तुमी विसरले काय? मैं बसवलं था ना." मोहियोद्दीन बुचकळ्यात पडला होता. "पर साहेब, मैंने तो फोनपर बेटी को सबसे पहले यहीच बोला था, बटन देखो करके. ती म्हणाली, हो काका, बघितलं."

व्यंकटराव खाली वाकले. सीटखालचं ते काळं बटन त्यांनी कितीतरी दिवसांनी पाहिलं. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. पिवळाधमक. कालच्या हळदीचा, अजून ओलसर वाटावा असा. सकाळी कोमल एकटीच गाडीत देवाचा नारळ ठेवायला गेली होती ते त्यांना आठवलं. गॅरेज दिसल्यावर माय-लेकींना झालेली घाई आठवली. सगळं बरोबर जुळलं.

त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण तो आला नाही. आली ती आठवण, मामाच्या खांद्यावर बसून जत्रेला जाणाऱ्या एवढ्याशा पोरीची. ही एवढी अक्कल तिला कुणी दिली, असं त्यांच्या मनात आलं आणि छाती भरून आली. घरी जायचं होतं आणि घरी ती नसणार होती.

पलीकडे सोनाजी ट्रॅक्टर काढायच्या तयारीत होता. गाडी चालू झाली म्हटल्यावर त्याचं काम संपलं होतं. दोर गुंडाळायचा, आपल्या वाटेने घरी जायचं, दोन गल्ल्या सोडून.

व्यंकटरावांनी सीटखाली हात घातला आणि त्या पिवळ्या ठशावर आपला अंगठा ठेवला. कट्ट. पिकअप गप्प झाली.

"अरे साहेब!" मोहियोद्दीन ओरडला. "चालू गाडी बंद काहून केली?"

"गाडी बंदच हाय," व्यंकटराव म्हणाले. "तुला काही म्हाईत न्हाई, मोहियोद्दीन. मला बी न्हाई." मग त्यांनी मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला. "सोनाजी! अरे, पुन्हा बंद पडली ही! लाव टोचन. आन् ध्यानात ठेव, रस्त्यात सोडायची न्हाई. पार माझ्या दारात आणून सोडायची. आत येऊन जेवूनच जायचं."

सोनाजी दोर घेऊन धावत आला. द्वारकाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सीटकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या खिडकीकडे वळल्या. खण पुन्हा दोराला बांधला गेला.

"दाजी," सोनाजी ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाला, "ह्या वेळंला ठरवून घेऊ. तुमच्या महामंडळाप्रमाणं चालू द्या. दोन म्हणजे चल. आता मला कळलं."

"बरं बरं. चढ वर."

सोनाजी ट्रॅक्टर सुरू करून दोन हॉर्नांची वाट पाहत बसला. व्यंकटरावांनी गिअर न्यूट्रलला आहे का पाहिलं, चावी पाहिली, हँडब्रेक पाहिला. मग त्यांनी एकच हॉर्न दिला.

सोनाजीने दचकून मागे पाहिलं. व्यंकटरावांनी काचेतून हात हलवला आणि खिडकीबाहेर तोंड काढून ओरडले, "बघतो काय? एक म्हणजे हाण!"